झाड तोडणाऱ्यालाच विचारायचं, ‘तोडू का?’

नेरूळकरीण

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. विषय पार्किंगवर झुकलेल्या गुलमोहराचा. कमिटीने एका ठेकेदाराला बोलावलं होतं. त्याने बुंध्याभोवती एक चक्कर मारली, वर पाहिलं आणि म्हणाला, “मुळापासून काढावं लागेल. परवानगीचं मी बघतो.” लाकूडही तोच नेणार. मी म्हटलं, आधी आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, एकदा बघून घेऊ. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, झाड गाडीवर पडलं की तुमचा तज्ज्ञ येऊन काच भरून देणार का?” सगळे हसले.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याची कमाई तोडण्यावर आहे त्याच्या हातात निकाल देऊ नये. बघणारा वेगळा आणि करवत चालवणारा वेगळा हवा. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण प्लास्टरच्या ठेकेदाराकडून करून घेतो का? मग झाडाच्या बाबतीतच हा हिशेब का नको? झाड धोक्याचं निघालं तर तोडा, माझी हरकत नाही. पण आधी कळू तर द्या.

नौपाड्याचा काका

ताई, भावना समजली, पण हे आर्बोरिस्टचं खूळ मला पटत नाही. आमच्याकडे झाडावर चढणारी माणसं आहेत, बापापासून हेच काम. फांदीवर पाय ठेवला की कुठे कुरकुरतंय ते त्यांना कळतं. तुमचा तज्ज्ञ खालून फोटो काढणार, पंधरा पानांचा रिपोर्ट देणार आणि शेवटी लिहिणार, ‘निरीक्षणाखाली ठेवावे’. निरीक्षण कोण करणार? वॉचमन?

आणि तोडण्यावर कमाई म्हणता, तर न तोडण्यावरही कमाई असतेच की. दर पावसाळ्याआधी पाहणी, दर पाहणीची फी.

२०१७ साली चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एक बाई गेल्या, ते आठवतं ना? रहिवाशांनी आधी अर्ज केला होता आणि पाहणीत झाड ठीक ठरलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणजे बघणारा वेगळा होता. काय उपयोग झाला?

शेतकी कॉलेजवाला

काका, चेंबूरचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. नुसती नजर टाकून केलेली पाहणी पुरत नाही, हेच त्यातून दिसतं. त्यात नारळाचं गणित आंब्या-जांभळासारखं नसतंच. नारळाला इतर झाडांसारखी जखम झाकणारी साल येत नाही. खोडावर एकदा खाच पडली की ती जन्मभर तशीच. नारळ उतरवायला सोपं जावं म्हणून कोयत्याने पायऱ्या पाडतात ना, त्या प्रत्येक पायरीतून पाणी आणि कीड आत जायची वाट तयार होते. बाहेरून झाड हिरवंगार, नारळ लागलेले, आणि आत सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी पोखरलेलं, असं होऊ शकतं. आणि या पायऱ्या पाडतं कोण? तुमची बापापासून चढणारीच माणसं.

ताई, गुलमोहराकडे येतो. मला त्याचा फार पुळका नाही. लाकूड ठिसूळ, मुळं वरच्या वर पसरणारी, त्यावर छत्रीएवढा पसारा. पार्किंगच्या कडेला लावायचं हे झाड नव्हेच. पण ‘झुकलंय’ हे तोडायला पुरेसं कारण नाही. कधी झुकलं ते बघा. वर्षानुवर्षं उजेडाकडे झुकत गेलेल्या झाडाचं खोड कमानीसारखं असतं, शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. नव्याने कलंडलेलं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ, नुसतंच तिरकं. मग ज्या बाजूला झुकलंय त्याच्या उलट बाजूला जमिनीशी बसा. तिथे मातीला ताजी भेग पडली असेल, माती फुगून वर आली असेल, तर मुळं सुटायला लागली आहेत. तिथल्या गाड्या आजच हलवा, सभेची वाट बघू नका. पेव्हर ब्लॉक नुसते उचलले गेले असतील तर ते बहुतेक मूळ जाड झाल्याने. दोन्ही गोष्टी लांबून सारख्याच दिसतात.

बुंध्याला लाकडी हातोडीने ठोकून बघतात, पोकळ असेल तिथे आवाज बद बद येतो. जमिनीलगत शिंपल्यासारखी कडक अळंबी उगवली असेल तर आत कुजतंय. पण ढोली दिसली म्हणजे झाड गेलं असंही नाही. बाहेरचं निरोगी लाकूड किती जाड उरलंय त्यावर ते ठरतं, आणि ते मोजायला माणूस आणि उपकरण लागतं. फी त्याची असते.

वाशी जुना सेक्टर

‘परवानगीचं मी बघतो’ या वाक्यावर कोणी अडखळलंच नाही? १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे. त्यात झाड तोडणे याची व्याख्या जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे इतकी रुंद आहे. म्हणजे ‘तोडलं कुठे, फक्त शेंडा उडवला’ ही पळवाट नाही. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, आणि तो सोसायटीच्या नावाने, सोसायटीच्या सहीने. उद्या कागद खोटा निघाला तर ठेकेदार फोन उचलणार नाही, नोटीस सेक्रेटरींच्या नावाने येईल.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर जेवढं झाडाचं वय तेवढी झाडं भरपाईत लावायची आहेत. पंचवीस वर्षांचा गुलमोहर असेल तर पंचवीस. नेरूळच्या सोसायटीत जागा आहे का तेवढी? शिवाय पन्नास वर्षं किंवा त्यावरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. इथली पहिल्या खेपेची झाडं आता त्या वयाला टेकलीत, हे किती कमिट्यांना ठाऊक आहे देव जाणे.

घोडबंदरवाली

मला काकांचं थोडं पटतं. आमच्या कमिटीने तज्ज्ञ आणला, फी दिली, रिपोर्ट चांगला होता. फांद्या कुठे आणि किती कापायच्या त्याच्या खुणांसकट. काम मात्र सर्वांत स्वस्त बोलीवाल्याला दिलं. त्याने रिपोर्ट उघडलाही नाही. रेन ट्रीचा सगळा वरचा भाग सपाट उडवला, ट्रक भरला आणि गेला. आता त्या ठुंठांवर झाडूसारखे फुटवे आलेत. मग त्या रिपोर्टचं करायचं काय? बघणारा वेगळा ठेवला की कापणाऱ्याची जबाबदारी सुटते, हे तुम्ही कोणी बोलतच नाही आहात.

शेतकी कॉलेजवाला

ते फुटवे वरच्या वर चिकटलेले असतात, आतून धरलेले नसतात. जाड झाले की वादळात तेच आधी खाली येतात. म्हणून शेंडा उडवणं हा सुरक्षेचा उपाय नाहीच, धोका पुढे ढकलणं आहे. तुमच्या मुद्द्यावर बोलायचं तर कापायच्या दिवशी तज्ज्ञ हजर हवा, आणि ठेकेदाराचे पैसे त्याने बघून सही केल्यावरच सुटायला हवेत. साधी पारख सांगतो. जाड फांदी आधी खालून थोडी कापतात, मग थोडं पुढे सरकून वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, फांदी खोडाला मिळते तिथली सुजलेली कड न दुखवता. पहिलाच घाव वरून बसला तर फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल लांबवर सोलत खाली येते. मग वर डांबर फासून काही होत नाही.

नौपाड्याचा काका

सही घेऊन पैसे सोडायचे, हे मान्य. बाकी माझं मत कायम आहे. मे महिन्यात ठाण्यात असे किती तज्ज्ञ मोकळे मिळतात ते सांगा. कोणी ‘सर्टिफाइड’ म्हणवतो, त्याचं प्रमाणपत्र कोण तपासणार?

आणि पायऱ्या पाडतात म्हणून आमच्या माणसांना बोल लावलात, चालेल. पण दोन मजले उंच चढणाऱ्याला हेल्मेट नाही, कमरेला धड पट्टा नाही, विमा नाही. त्याच्या दोराला पैसे द्यायचे म्हटले की सगळ्या सोसायट्या गप्प. तज्ज्ञाची फी द्याल तेव्हा तेवढेच पैसे वर चढणाऱ्याच्या विम्यावर खर्चा, मग मी तुमच्या बाजूने हात वर करतो.

वाशी जुना सेक्टर

प्रमाणपत्राचं सोपं आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेचं असेल तर तिच्या संकेतस्थळावर नाव टाकून पडताळता येतं. नाव सापडलं नाही तर चहा पाजून रवाना करा. विम्याबाबत काका शंभर टक्के बरोबर.

नेरूळकरीण

आज सकाळी उलट बाजूला बसून पाहिलं. भेग नाही, शेंडा वर वळलेला आहे. जमिनीलगत मात्र एक अळंबी दिसली, तळहाताएवढी. म्हणजे सेक्रेटरीही पूर्ण चूक नाहीत. फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला, आणि झाडाखालच्या दोन गाड्या तोवर गेटकडे लावायला सांगितल्या. ठराव मांडणार आहे: आधी तपासणी, मग सोसायटीच्या सहीने अर्ज, आणि चढणाऱ्यांच्या विम्याचा कागद पाहिल्याशिवाय काम सुरू नाही.

नौपाड्याचा काका

ठरावात लाकूड कोणाचं तेही लिहा. ते सोसायटीचं ठरलं की ठेकेदाराला पुन्हा एकदा वर बघायला सांगा.