मदत हवी आहे : महिनाभर सोशल मीडिया बंद ठेवायचा आहे, पण कामाचे ग्रुप सोडता येत नाहीत

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. जूनच्या मध्यापासून महिनाभर सोशल मीडियापासून लांब राहायचं ठरवलंय. रात्री रील्स बघण्यात झोप मागे पडते, सकाळी डोकं जड असतं, दिवसा कशात चित्त लागत नाही आणि राग निघतो तो घरच्यांवर. पण "सगळं डिलीट मारा" हा सल्ला मला चालणार नाही, त्याची कारणं सांगतो.

घर सांगलीत गावभागात, द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. बागेच्या सल्ल्याचा, औषध दुकानाचा, मजुरांच्या टोळीचा आणि मुलाच्या आठवीच्या वर्गाचा, असे चार ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. बेदाण्याची किरकोळ विक्री फेसबुक पेजवरून चालते आणि ते पेज माझ्याच प्रोफाइलला जोडलेलं आहे. शिवाय पावसाळा तोंडावर आलाय. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की पहिली बातमी ग्रुपवरच येते. फोन अँड्रॉइड आहे.

हे सगळं सांभाळून ब्रेक कसा घ्यावा? पहिल्या आठवड्यात नेमकं काय जड जातं? आणि याने खरंच फरक पडतो का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठ

तुम्हाला तोडायची आहे ती फीड. निरोपांची ये-जा राहू द्या. बोटाने सरकवत राहिलं तरी संपत नाही असं फोनवर जे जे आहे ते बंद करायचं आणि ठरावीक माणूस ठरावीक निरोप देतो ते चालू ठेवायचं. ही वाटणी आधी कागदावर करा, मगच फोनला हात लावा.

इन्स्टाग्राम : सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथे पर्सनल डिटेल्स, त्यात अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल. इथे दोन पर्याय दिसतील, डीअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट. नीट वाचून डीअ‍ॅक्टिव्हेटच निवडा. डिलीट निवडलं आणि ३० दिवसांत परत लॉगिन केलं नाही, तर खातं कायमचं जातं. तुमचा ब्रेकही बरोबर महिन्याचाच आहे, त्यामुळे इथे चुकून चालणार नाही. डीअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर फोटो, कमेंट, लाइक सगळं लपतं आणि लॉगिन केलं की जसंच्या तसं परत येतं. मात्र आठवड्यातून एकदाच डीअ‍ॅक्टिव्हेट करता येतं. मधेच "जरा बघू" म्हणून उघडलंत, तर लगेच पुन्हा बंद करता येईलच असं नाही. बहुतेकांचा ब्रेक इथेच फुटतो.

फेसबुक : पेज तुमच्या एकट्याच्या ताब्यात असेल आणि तुम्ही प्रोफाइल डीअ‍ॅक्टिव्हेट केलं, तर पेजही बंद पडतं, गिऱ्हाइकाला शोधूनही सापडत नाही. त्यामुळे आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पेजचा फुल कंट्रोल द्या, त्यांनी तो स्वीकारल्याची खात्री करा आणि मग पुढचं. घरात दुसरं कुणी बघणारं नसेल तर प्रोफाइल चालू राहू द्या, फोनवरून फेसबुकचं अ‍ॅप काढा आणि मेटा बिझनेस सूट हे अ‍ॅप घ्या. त्यात पेजचे मेसेज आणि कमेंट येतात, मित्रमंडळींची फीड समोर येत नाही. विक्रीला तेवढं पुरतं.

आणखी एक. एखाद्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये "फेसबुकने लॉगिन करा" वापरलेलं असेल तर तिथे शिरताच बंद केलेलं प्रोफाइल आपोआप चालू होतं. अशी अ‍ॅप आधी शोधून त्यांना ईमेल किंवा मोबाइल नंबरचं लॉगिन लावून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप : खातं डिलीट करू नका. तसं केलं की सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता आणि जुने मेसेजही जातात. अ‍ॅप नुसतं काढून महिना घालवणंही बरं नाही, कारण न पोचलेले मेसेज सर्व्हरवर ३० दिवसच राहतात. अ‍ॅप ठेवा आणि त्याची धार बोथट करा. कामाचे तीन ग्रुप वर पिन करा. चौथा शाळेचा असेल तर तो दिवसातून एकदा संध्याकाळी बघितला तरी पुरतो. बाकी सगळे, म्हणजे भावकी, दहावीची बॅच, गणेश मंडळ, सोसायटी, म्यूट करून 'नेहमीसाठी' निवडा आणि अर्काइव्हमध्ये टाका. चॅट्सच्या सेटिंगमध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू असलं पाहिजे, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर येऊन बसतो. मीडिया ऑटो-डाउनलोड मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींवर बंद करा. ज्यांचे स्टेटस बघितल्याशिवाय राहवत नाही त्यांचे स्टेटस म्यूट करा, आणि फॉलो केलेली चॅनेल सगळी सोडून द्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फीडसारखं जे काही आहे ते त्या अपडेट्स टॅबमध्येच आहे.

यूट्यूब : वॉच हिस्टरी बंद करून जुनी हिस्टरी पुसली की होम पान जवळजवळ कोरं होतं, सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत. शोधून बघणं आणि सबस्क्राइब केलेलं बघणं चालू राहतं. पण शॉर्ट्सचा टॅब तिथेच असतो, म्हणून अँड्रॉइडवर अ‍ॅपच डिसेबल करा. बऱ्याच फोनमध्ये ते कंपनीनेच टाकलेलं असतं, अनइन्स्टॉल होत नाही. फवारणीचा किंवा पंपाचा व्हिडिओ बघायचाच असेल तर ब्राउझरमध्ये शोधा.

आता लोक विसरतात ते. होम स्क्रीन उजवीकडे सरकवली की गूगलची बातम्यांची रांग येते, ती डिस्कव्हर. काही फोनच्या लॉक स्क्रीनवर ग्लान्स असतं, म्हणजे बातम्या-व्हिडिओंची तशीच रांग. रील्स बंद झाल्या की बोट नकळत तिकडे वळतं आणि तास जायचा तो जातोच. दोन्ही सेटिंगमधून बंद करा. क्रोममध्ये साठवलेले इन्स्टा-फेसबुकचे पासवर्डही पुसा, नाहीतर अ‍ॅप काढलं तरी ब्राउझरमधून एका टिचकीत आत.

यवतेश्वर_पायवाट

साताऱ्याहून लिहितोय. वर तांत्रिक बाजू उत्तम आली आहे, मी झोप आणि मन याबद्दल लिहितो.

फरक पडतो का, याचं सरळ उत्तर : पडतो, पण बेताचा. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला फक्त १० मिनिटं वापरायचं, तीन आठवडे. त्यांच्यात एकटेपणा आणि उदासी दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या निवडणुकीआधी एका मोठ्या प्रयोगात लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, समाधान थोडं वाढलं, आणि प्रयोग संपल्यावरही त्यांनी फेसबुक आधीपेक्षा कमी वापरलं. पण ताज्या घडामोडींची माहितीही त्यांना कमी राहिली. तेव्हा पूर्ण बंद जमत नसेल तर मोजून वापरण्यालाही आधार आहे. फक्त चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

पहिला आठवडा. सुरुवातीचे तीन-चार दिवस बहुधा सगळ्यात जड असतात. हात आपोआप खिशात जातो, फोन वाजला नसताना थरथरल्यासारखा वाटतो, जेवण झाल्यावर काय करावं सुचत नाही, चिडचिड उलट वाढते. पुढच्या रीलमध्ये काय येईल हे आधी ठाऊक नसतं, त्या अनिश्चिततेचीच चटक लागलेली असते. ती एकदम तुटली की मन तिला शोधत फिरतं. ब्रेक आपल्याला सोसत नाही असा अर्थ त्या दिवसांत काढू नका, आणि त्या दिवसांत ब्रेकचा हिशोबही मांडू नका.

"फोन बघणार नाही" एवढ्या निश्चयावर भागत नाही. फोन कुठे कुठे हातात येतो त्या जागा लिहून काढा : अंथरुणात डोळे उघडताच, संडासात, बागेत पाण्याची पाळी चालू असताना, रात्री दिवा मालवल्यावर. प्रत्येक जागेसाठी एकच पर्याय ठरवा आणि तो हाताशी ठेवा. बागेत खिशात वही-पेन ठेवा, डाव्या-उजव्या ओळीतले काडीचे निरीक्षण तिथेच लिहून होतं. रात्रीसाठी उशाला पुस्तक. सांगलीत नगर वाचनालय आहेच, पण पुस्तक आधी आणून ठेवलेलं असावं. रात्री दहाला पुस्तक शोधायला कुणी उठत नाही.

झोपेसाठी एकच गोष्ट सांगायची तर फोनचं चार्जर खोलीबाहेर न्या. गजराचं कारण राहू नये म्हणून साधं गजराचं घड्याळ घ्या. रात्री तातडीचा फोन येण्याची भीती असेल तर डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक नंबरना परवानगी देता येते, बाहेर ठेवलेला फोन तेवढ्यांसाठी वाजतो.

आणि हे मनापासून : झोप उडणं, भूक मरणं, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते रील्सच्या खाती टाकू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. ब्रेक चालू ठेवून तिथेही जाता येतं.

बेदाणा_सौदा

तारीख बरोबर निवडलीत. एप्रिलमधली खरड छाटणी होऊन सबकेनचं काम, म्हणजे शेंडा मारून काडीला बाजूची फूट काढणं, उरकलेलं असतं, काडी पक्व होण्याचा काळ सुरू होतो, ग्रुपवर तासातासाला बघण्यासारखं काही नसतं. हाच ब्रेक फळछाटणीनंतर घेऊ नका. पोंगा (डोळे फुटण्याची अवस्था) ते फुलोरा या काळात पाऊस लागला की डाऊनी म्हणजे केवडा रोगासाठी एक दिवसही महागात पडतो.

ग्रुपवरच्या सल्ल्याला पर्याय ठेवा. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला त्यांच्या संकेतस्थळावर येतो. पावसाच्या अंदाजाला मेघदूत अ‍ॅप आहे. बेदाण्याचा दर हवा असेल तर सौद्याच्या दिवशी अडत्याला फोन लावा. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोतल्या दरापेक्षा तो खात्रीचा असतो. मजुरांच्या मुकादमाला आजच सांगून ठेवा की टोळीचं काही असेल तर मेसेज नको, फोन करा.

गावभाग_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. पेजचा ताबा पत्नीला देतो. दोन गोष्टी राहिल्या. पुराचं काय करावं? आणि मुलगा संध्याकाळी माझ्याच फोनवर यूट्यूब बघतो. मी अ‍ॅप बंद केलं तर घरात वाद होणार.

कृष्णाकाठ

पुराचं आधी. गावभागात राहणाऱ्याने हे ब्रेकवर सोडू नये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे घरात सगळ्यांना पाठ असावेत. ग्रुपवर "पाणी लई वाढलंय" असा मेसेज आला की पहिला प्रश्न हाच : किती फुटांवर आहे आणि किती वाजता मोजलं? २०१९ च्या पुरात जुने व्हिडिओ नव्या पाण्याचे म्हणून फिरत होते, फोटोवर तारीख नसते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत अ‍ॅप फोनवर घ्या, त्यात आपला जिल्हा निवडा आणि फक्त याच अ‍ॅपच्या सूचना चालू ठेवा. सेटिंग्जमध्ये वायरलेस इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का तेही बघा. घरात रेडिओ असेल तर त्याचे सेल बदला, आकाशवाणी सांगली लागतं. वीज गेली आणि टॉवर बंद पडला तर व्हॉट्सअ‍ॅपचा तसाही उपयोग नाही.

पाणी ३५ फुटांच्या वर जायला लागलं तर गल्लीचा एक ग्रुप अर्काइव्हमधून बाहेर काढा. त्यासाठी इन्स्टाग्राम परत सुरू करायची गरज नाही.

कडेगाव_रस्ता

मुलाबद्दल. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा होतो, मोबाइल आणि टीव्ही बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे फोन मुलांच्या हातात गेला आणि शाळा उघडल्या तरी सुटेना, त्यावर गावाने काढलेला हा उपाय. सुरुवातीला भोंगा झाला की घरोघर जाऊन सांगावं लागत होतं.

हे चालतं कारण सगळे एकाच वेळी थांबतात. ऑनलाइन कुणी नसलंच तर चुकण्यासारखंही काही उरत नाही. घरात करायचं असेल तर नियम आजोबांपासून सगळ्यांना लावा. तुम्ही फोन बाजूला ठेवलात आणि हॉलमध्ये टीव्हीवर मालिका चालू राहिली, तर आठवीतला मुलगा दोन दिवसांत बोट दाखवेल आणि त्याचं बरोबरच असेल. सात ते साडेआठ सगळे फोन एका डब्यात, आवाज चालू ठेवून, म्हणजे कॉल आला तर ऐकू येतो. अ‍ॅप अचानक काढू नका. आधी त्याच्याशी बसून बोला आणि अभ्यासाचे व्हिडिओ कोणते लागतात ते त्यालाच लिहायला सांगा. ते संगणकावर किंवा ब्राउझरमध्ये, मोठ्यांसमोर.

गावभाग_सांगली

शेवटचा प्रश्न. महिना झाल्यावर परत कसं यायचं? एकदम सगळं सुरू झालं तर दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

यवतेश्वर_पायवाट

सगळं एका दिवशी परत आणू नका. महिना संपायच्या आधीच लिहून ठेवा की या काळात कशाची खरोखर अडचण झाली. ज्याची झाली तेवढंच आधी आणा, आणि दुसरं आणायच्या आधी निदान आठवडा जाऊ द्या. फेसबुक आणायचं तर ते संगणकाच्या ब्राउझरवर, फोनवर अ‍ॅप नको.

इन्स्टाग्राम फोनवर घेतलंच तर पहिल्याच दिवशी दोन कामं करा. सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस स्नूझ करा, आणि फॉलोइंगच्या यादीतून ज्यांना प्रत्यक्ष ओळखत नाही किंवा ज्यांच्याकडून कामाचं काही मिळत नाही त्यांना काढा. मग फोनच्या सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये अ‍ॅप टायमर लावा. तो रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो, म्हणून रात्री पावणेबाराला "आजचं संपलं" म्हणणारा माणूस बारा वाजून पाच मिनिटांनी परत आत असतो. हे टाळायला सोबत बेडटाइम मोडही लावा, रात्री साडेनऊ ते सकाळी सहा. त्यात स्क्रीन करडी होते आणि सूचना गप्प होतात. अँड्रॉइडवर स्वतःच लावलेला टायमर स्वतःलाच काढता येतो. त्यामुळे इन्स्टाचा पासवर्ड पत्नीला बदलायला सांगून दर वेळी लॉगआउट करणं जास्त टिकतं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर बॅकअप कोड आधी कागदावर उतरवून कपाटात ठेवा, नाहीतर सिम बदललं की खात्यात शिरताच येणार नाही.