प्रति: सापडला म्हणजे मुद्दामच घेतलं?

"खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला म्हणजे त्याने मुद्दामच घेतलं असणार" हे तुमचं म्हणणं सरसकट पटत नाही. आपल्या मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचंच घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुश्ताक अली टी-२० स्पर्धेदरम्यान दिलेल्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध निघालं. खोकल्याच्या औषधातून गेलं, हे क्रिकेट बोर्डानेही मान्य केलं, तरी ८ महिन्यांची बंदी बसलीच. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच; हेतू बघतात तो शिक्षा ठरवताना. दादरच्या केमिस्टकडे ओल्या खोकल्याचं सिरप मागा आणि बाटली फिरवून बघा. टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन, सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. शिवाजी पार्कातल्या पोरांना हे वाचायला कोण शिकवतं? जिममधल्या बिनलेबलच्या पावडरी घेणाऱ्यांना मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं, तिथे सहमत.