लोकसभेला अपक्ष उभी राहतेय, काय काय लागेल?

घणसोलीकर: आमचं गावठाणातलं घर अजून कागदावर अनधिकृतच आहे. आजोबांची भातशेती 1970च्या दशकात नवी मुंबई शहरासाठी गेली. वडील मरेपर्यंत अर्ज करत राहिले. त्यांच्या पोचपावत्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. तळाच्या पावत्यांवरची शाई पार उडालीय. म्हणून ठाणे मतदारसंघातून उभी राहतेय. निवडून येणार नाही, ठाऊक आहे, पण हा प्रश्न मांडायचाच. अनामतीचे 25 हजार जमलेत. आणखी काय?

कोपरीचा काका: ताई, आधी सूचक गाठा, म्हणजे उमेदवारी अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारे. मान्यताप्राप्त पक्षाला एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही याच मतदारसंघातले मतदार हवेत. यादीत प्रत्येकाचं नाव स्वतः बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. निवडणुकीचं बँक खातंही वेगळं, अर्जाच्या आधीच उघडलेलं हवं.

ऐरोलीवाला: एका अपक्षाचा हिशेब मी लिहायचो. चहाचं बिलसुद्धा वहीत चढवा. निकालानंतर 30 दिवसांत खर्च दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवतात. अनामत मात्र वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तरच परत मिळते.

घणसोलीकर: अनामत गेली तरी चालेल. सात सूचक आमच्या आळीतलेच मिळाले. पण बेलापूरपासून मीरा-भाईंदरपर्यंत एवढा पसारा, पायी कुठवर फिरू?

कोपरीचा काका: सगळीकडे नका धावू. तळवली, गोठिवली, रबाळे, दिवाळे, जिथं हेच दुखणं आहे ती गावं धरा. संध्याकाळी बायका ओट्यावर बसतात तेव्हा जा. आणि ती पेटी सोबत न्या.