शिक्षा झालेल्या डॉक्टरला परत दवाखाना टाकता येतो का?

कृष्णाकाठ, सांगली: गर्भलिंग तपासणीत शिक्षा झालेला एक डॉक्टर सुटून आला की परत बोर्ड लावणार म्हणतात, असं चालतं का ओ?

मिरजकर: नाही चालत. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४, कलम २३ बघा, दोषी ठरला की डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमधनं पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षं नाव काढतात, परत केला तर कायमचं. रजिस्टरला नाव नाही तर प्रॅक्टिस नाही. मला पाच वर्षं कमीच वाटतात, २०१७ ला म्हैसाळच्या ओढ्याकाठी पिशव्यांत भ्रूण सापडले ते विसरलो नाय आपण.

वकीलतात्या: बाकी गुन्ह्यांत नाव आपोआप जात नाही, नैतिक अधःपतनाचा, म्हणजे नीतिमत्तेला काळिमा फासणारा गुन्हा आहे का ते कौन्सिल बघते. बांधावरच्या भांडणाची केस वेगळी.

कृष्णाकाठ, सांगली: बोर्ड दिसला की मी कौन्सिलला लेखी तक्रार देणार.