सीएमसी-सायट्रिक आम्ल जेल फुगल्यावर वजन घटते: जाळे अपुरे राहिले की बंध तुटत आहेत?

पाणी शोषून फुगणारे जेल बनवण्यासाठी मी सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (सीएमसी) आणि हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज ३:१ या प्रमाणात ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून २ टक्के द्रावण करते आणि त्यात बहुलकाच्या (या दोन सेल्युलोजच्या एकत्रित) वजनाच्या १० टक्के सायट्रिक आम्ल घालते. द्रावण पेट्री डिशमध्ये ३० अंश सेल्सिअसला दोन दिवस वाळवून ती फिल्म ८० अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवते. उष्णतेने सायट्रिक आम्लाचे अ‍ॅनहायड्राइड बनून सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी एस्टर बंध जुळावेत आणि साखळ्या एकमेकींना जोडून जाळे बनावे, अशी अपेक्षा आहे.

या फिल्मच्या कापलेल्या चकत्यांचे वजन ऊर्ध्वपातित पाण्यात २४ तासांपर्यंत वाढते, पण ४८ तासांनी उतरलेले दिसते. डिशच्या मधोमध कापलेल्या चकत्या काचेसारख्या स्वच्छ फुगतात आणि चिमट्याने उचलता येतात. कडेच्या चकत्यांची मात्र बुळबुळीत लापशी होते. कडेला फिल्म जाड असते, त्यामुळे तिथे पाणी अडकून एस्टरीकरण अर्धवट राहत असावे, असा माझा कयास आहे, कारण त्या अभिक्रियेत पाणीच बाहेर पडते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात चकत्या पुष्कळ कमी फुगतात, हे समजण्यासारखे आहे: सोडियम आयनांमुळे जेलच्या आतला आणि बाहेरचा ऑस्मोटिक दाबाचा फरक घटतो. पण तिथे नंतरची घट जवळजवळ दिसत नाही, आणि माझे कोडे नेमके इथे आहे.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही शंका आहे. सुरुवातीला गाळणकागदाने चकती टिपत असे, तेव्हा कडा कागदालाच चिकटून येत. आता नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत ठेवून, निथळवून वजन करते. शिवाय फुगण्याचे गुणोत्तर काढताना भागाकार सुरुवातीच्या कोरड्या वजनाने करते, आणि त्यात जाळ्यात न अडकलेल्या साखळ्याही धरल्या जातात. त्याऐवजी चकती धुऊन पुन्हा वाळवल्यावरचे वजन घेणे अधिक योग्य नाही का?

अवरक्त वर्णपटात १७३० प्रति सेंटीमीटरजवळ शिखर मिळते, परंतु आम्लरूपातील कार्बॉक्सिलचे शिखरही तिथेच येत असल्याने तेवढ्यावर एस्टर झाले असे म्हणायला मी धजावत नाही. सौम्य अल्कलीने धुतल्यास कार्बॉक्सिल आयनरूपात जाऊन १६०० च्या आसपास सरकते आणि १७३० ला उरते ते एस्टरचे. मात्र त्याच धुण्याने एस्टरही तुटू शकतो.

हे धुणे किती सामू आणि किती मिनिटांपर्यंत सुरक्षित असते, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे. तसेच वजनातली घट सुट्या साखळ्या विरघळून गेल्याने आहे की एस्टर बंधांच्या जलविघटनाने, हे वेगळे ओळखण्यासाठी चकती आधी वारंवार पाणी बदलून पूर्ण धुवावी, वाळवावी आणि मग पुन्हा फुगवावी, असे मनात आहे. दुसऱ्या वेळीही ४८ तासांनी वजन उतरले तर बंध तुटत आहेत, असे मानणे बरोबर ठरेल का? याच तुकडीतील अर्धी फिल्म अजून कोरडी ठेवलेली आहे.