प्लगसाठी इंजिन उतरवू नका
दादा, पोर्शे ९११ च्या ९६४ कॅरेरा मॉडेलचे स्पार्क प्लग बदलायला इंजिन खाली घ्यावं लागेल असं गॅरेजवाला म्हणाला असेल, तर जरा थांबा. या पोर्शेला दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण १२ प्लग. खालचे सहा मागची चाकं काढून गाडीखालून निघतात. वेळ खातात, पण निघतात. इंजिन पूर्ण गार हवं. नाशिकच्या उन्हाळ्यात पहाटेच हात घाला. प्लग सैल करण्याआधी त्याच्या भोवतीच्या खाचेत हवा मारा, नाहीतर कचरा थेट सिलिंडरच्या आत. नवा प्लग पान्याने कधीच सुरू करू नका. वीतभर रबरी नळी त्याच्या टोकावर चढवून बोटांनी फिरवा. आटा तिरका लागला की नळीच घसरते, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे प्लग बसतो तो सिलिंडरवरचा भाग, वाचतं. सातपूरला एका गाडीचा आटा पान्याच्या जोरात गेलेला मी पाहिलाय, फार जीव तुटला.