बोर्डाचं स्पेलिंग बरोबर आहे का? आज सातच्या आत सांगा

दांडियाबाजारकर: दुकानाच्या बोर्डाचं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, सातच्या आत ओके कळवायचंय. भाऊ म्हणतो स्पेलिंग चुकलंय. बोर्डवाला म्हणतो, अख्खं बडोदं असंच लिहितं. गूगलवर दोन्ही दिसतात. कोणाचं बरोबर? प्लीज लवकर.

शाईपेन: अहो, कुठल्या शब्दाचं? फोटो टाका.

दांडियाबाजारकर: फोटो चढत नाहीये. वह्या-पेनांचं दुकान आहे, त्यावर दुसरं काय लिहिणार?

प्रूफवाली: म्हणजे स्टेशनरी. शेवटी 'एआरवाय' आहे की 'ईआरवाय'? ए असेल तर भाऊ बरोबर. ए वाला शब्द म्हणजे जागचं न हलणारं, उभी गाडी वगैरे. वह्या-कागदांना ई. एन्व्हलपचा ई धरून ठेवा, पुन्हा गोंधळ होणार नाही.

मांजलपूरकर: फ्लेक्स की अ‍ॅक्रिलिकची अक्षरं? फ्लेक्स घेऊ नका, दोन पावसाळ्यांत फिका पडतो. मी आतून एलईडी लावून घेतली, रस्त्याच्या पार टोकावरून दिसतो.

दांडियाबाजारकर: ए आहे. पण टाइप केल्यावर मोबाइलने लाल रेघ दाखवली नाही!

शाईपेन: कशी दाखवेल? दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. 'लूझ' आणि 'लूज'चं तेच. एका ओचा म्हणजे हरवणं, दोन ओंचा म्हणजे सैल. लोक बिनधास्त लिहितात, वजन सैल करायचंय. मशीन गप्प.

वाघोडियारोड: एवढं काय त्यात? चालशे! गिऱ्हाईक वही बघतं, स्पेलिंग नाही. आणि ए हे अमेरिकन असणार.

निवृत्त_मास्तर: अमेरिकेवर ढकलू नका. वेब्स्टरच्या १८२८ च्या डिक्शनरीने 'कलर'मधला यू काढला, सेंटरची अक्षरं फिरवली, ते खरं. पण कागदाच्या स्टेशनरीत ई तिकडेही आहे आणि इकडेही. गंमत अशी की दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगात पुस्तकं विकणारे बहुतेक फिरते असत. विद्यापीठाजवळ ज्याचं पक्कं दुकान, तो लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस', म्हणजे एका जागी बसणारा. त्याचा इंग्रजीत 'स्टेशनर' झाला. लंडनमध्ये त्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजाची सनद मिळाली.

शाईपेन: राजाची नाही हो मास्तर, १५५७ मध्ये गादीवर राणी मेरी होती.

निवृत्त_मास्तर: मेरी आणि फिलिप दोघांच्या नावाने, हवं तर तसं लिहा. सनद ती सनद.

वाघोडियारोड: म्हणजे दुकान हलत नाही म्हणून ए पण बरोबरच की 😄

प्रूफवाली: नाही! शाळेतली पोरं ती पाटी रोज वाचतात आणि पेपरात तेच उतरवतात. मग आम्ही तपासत बसतो. 'अ‍ॅडव्हाइस'चा सी आणि एस, 'प्रिन्सिपल'चं पीएएल आणि पीएलई, हे सगळं असंच बाहेरून घरात येतं.

बीआरसी_एक्स्प्रेस: पत्त्यात बडोदा घातलंय की वडोदरा? सरकारी नाव १९७४ पासून वडोदरा आहे.

शाईपेन: बँक ऑफ बडोदा १९०८ पासून आहे तशीच आहे. त्यांना शिकवून या आधी.

बीआरसी_एक्स्प्रेस: मी चूक म्हटलंच नाही, विचारलं फक्त. आणि महाराजांच्या आडनावात 'जीएई' लिहायचं की 'जीएआय', तेही एकदा ठरवा.

दांडियाबाजारकर: आडनाव राहू द्या, सव्वासहा झालेत! खाली अजून एक ओळ आहे, इमिटेशन ज्वेलरी. तिथे पण शेवटी 'एलएआरवाय' आहे. ते तरी बरोबर ना?

प्रूफवाली: हे आत्ता सांगताय? नाही, ते कुठल्याच देशात बरोबर नाही. ब्रिटिश पद्धतीने दोन एल, मग ईआरवाय. अमेरिकन हवं तर एकच एल आणि लगेच आरवाय. आपल्याकडे ब्रिटिश ठेवा. प्रूफमधली प्रत्येक ओळ इथे टाइप करा, तुकड्या-तुकड्याने नको. आणि गुजराती ओळ आहे ना?

दांडियाबाजारकर: गुजराती वर आहे, ती बाबांनी बघितली. दोन्ही शब्द बदलायला सांगितलेत. बोर्डवाला म्हणतो, एक एल वाढला म्हणून अक्षरं बारीक करावी लागतील.

मांजलपूरकर: बारीक करू देऊ नका, लांबून दिसणार नाहीत. इमिटेशनच काढून टाका.

वाघोडियारोड: आणि गिऱ्हाईक सोनं मागायला आलं तर?